फेसच्या तटबंदीतील जुन्या शहरात तीन दिवस कसे घालवावेत?

प्रश्न : शहापूरकर, बेळगाव

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये मी, पत्नी आणि ६९ वर्षांच्या सासूबाई असे तिघे मोरोक्कोला जाणार आहोत. मुलगी नोकरीनिमित्त कासाब्लांकाला असते. तिच्याकडे मुक्काम करून त्यातले तीन दिवस एखाद्या जुन्या शहराला द्यावेत, असा बेत आहे. तिचे सहकारी मराकेश सुचवतात. माझे मन मात्र फेसकडे ओढ घेते. आमच्या घरी वडिलांच्या हयातीपर्यंत हातमाग चालू होता आणि तो आवाज थांबल्यापासून आमच्या गल्लीचे काहीतरी हरवले, असे मला नेहमी वाटत आले आहे. विणकर, तांबट, चामडे कमावणारे अजून आपापल्या जुन्या जागी बसून काम करतात, असे शहर एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा आहे.

विचारायचे ते असे. मुक्काम तटाच्या आत करावा की बाहेरच्या नव्या शहरात? वाटाड्या घेणे आवश्यक आहे का? सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर त्या तासभर चालतात, पण चढ त्यांना सोसत नाही. शिवाय त्या पूर्ण शाकाहारी आहेत. ज्यांनी हे शहर स्वतः पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : टिळकवाडीचा रहिवासी

शहापूरकर, आपण सांगितलेल्या कारणासाठी जात असाल तर फेसच निवडा. मराकेशही सुंदर आहे, परंतु तिथल्या जुन्या बाजाराच्या बोळांतून मोटारसायकली सर्रास धावतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला सारखे भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. फेसच्या जुन्या भागाला फेस अल-बाली म्हणतात. तिथल्या बोळांत मोटार शिरूच शकत नाही. माल वाहतात ती खेचरे, गाढवे आणि हातगाड्या. दोन वर्षांपूर्वी मी तिथे पाच दिवस राहिलो. आपल्या किल्ल्याचा खंदक पाहत लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला सर्वांत जाणवले ते हे, की बेळगावात तट एका बाजूला राहिला आणि व्यापार त्याच्याबाहेर खडेबाजारात, गणपत गल्लीत वाढला; फेसमध्ये मात्र मशीद, शाळा, पावाची भट्टी, हमाम, पाण्याचा हौद, दुकान आणि घर असा सगळा संसार आजही तटाच्या आतच चालतो.

हे टिकले कसे, ते जाण्यापूर्वी माहीत असावे. इद्रिस पहिला याने ७८९ मध्ये नदीच्या उजव्या काठावर वस्ती केली आणि त्याचा मुलगा इद्रिस दुसरा याने ८०९ मध्ये समोरच्या काठावर दुसरी वसवली. कोर्दोबाहून परागंदा झालेली कुटुंबे एका काठावर आणि आजच्या ट्युनिशियातील कैरवानहून आलेली दुसऱ्या काठावर स्थिरावली. अकराव्या शतकात अल्मोराविद राज्यकर्त्यांनी दोन्ही वस्त्या एका तटात घेतल्या. पुढे १९१२ मध्ये फ्रेंच अंमल आला, तेव्हा त्यांचा तिथला सर्वोच्च अधिकारी, रेसिडेंट-जनरल ल्योते याने जुन्या शहराला हात न लावता नवे शहर बाहेर वसवण्याचे धोरण ठेवले. आपल्याकडे कॅम्प जसा गावाबाहेर निराळा उभा राहिला, तसाच हा प्रकार. युनेस्कोने १९८१ मध्ये या जुन्या शहराला जागतिक वारसा यादीत घेतले.

आता सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल, कारण आपल्या सहलीचे यश त्यावरच अवलंबून आहे. हे शहर वाडग्यासारखे आहे. दरवाजे उंचावर आहेत आणि मधला भाग नदीकडे उतरत जातो. पश्चिमेच्या बाब बू जलूद या दरवाजातून आत शिरले की तला कबीरा नावाचा मुख्य रस्ता दीडेक किलोमीटर उतरत मध्यभागी कारवियिन मशिदीपाशी पोहोचतो. पुष्कळ प्रवासी हा उतार आनंदाने उतरतात आणि दुपारच्या उन्हात तोच रस्ता धापा टाकीत चढतात. आपण तसे करू नका. सकाळी टॅक्सीने बाब बू जलूदला उतरा, दोन-तीन तास सावकाश खाली चालत जा आणि खालच्या बाजूच्या रसीफ चौकातून बाहेर पडा. तिथपर्यंत वाहने येतात. लाल रंगाची छोटी टॅक्सी मिळते, तिच्यात तीनच प्रवासी बसू शकतात. आपण तिघेच आहात, हे सोयीचे झाले. मीटर टाकायला आधी सांगावे. रात्री भाडे दीडपट होते. मुलगी सोबत आली तर दोन टॅक्सी कराव्या लागतील.

मुक्काम तटाच्या आतच करावा, पण बाब बू जलूद किंवा रसीफपासून दोन-चार मिनिटांच्या अंतरावर. जुन्या घरांत आता पाहुण्यांना ठेवतात, त्यांना रियाद म्हणतात. बोळातून पाहिले तर कोरी भिंत आणि एक लहान दार, एवढेच दिसते. दार उघडले की मधला चौक, कारंजे, चारही बाजूंना खोल्या आणि वर आकाश. चौसोपी वाडा ज्याने पाहिला आहे त्याला हे घर समजावून सांगावे लागत नाही. मात्र जिने अरुंद आणि पायऱ्या उंच असतात, म्हणून खोली ठरवतानाच तळमजल्याची मागावी. सामान दरवाजापासून हातगाडीवाला नेतो. दर आधी बोलून घ्यावा.

वाटाड्या पहिल्या दिवशी अर्धा दिवस अवश्य घ्यावा, पण सरकारी परवाना आणि बिल्ला असलेला, रियादमार्फत ठरवलेला. मी पहिल्या संध्याकाळी एकटाच निघालो, तेव्हा एका तरुणाने पुढचा रस्ता बंद असल्याचे अगदी आपुलकीने सांगितले आणि चार वळणे फिरवून मला एका गालिच्याच्या दुकानात नेऊन बसवले. रस्ता बंद नव्हता. असे कोणी म्हणाले तर ‘ला, शुक्रान’ म्हणजे ‘नको, आभारी आहे’ असे म्हणून आपण चालत राहावे. पहिल्या दिवसानंतर वाट चुकण्याची भीती बाळगू नका: उतार धरला की नदी आणि रसीफ सापडतो, चढ धरला की कुठला तरी दरवाजा लागतो.

वरच्या बाजूला, दरवाजापासून थोड्याच अंतरावर, बू इनानिया मदरसा आहे. सुलतान अबू इनान याने तो चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधवला. खाली रंगीत फरशीचे तुकडे जोडून केलेली नक्षी, तिच्यावर कोरीव गिलावा आणि सर्वांत वर देवदाराचे कोरीव लाकूड. चौकात मुस्लिमेतरांना प्रवेश आहे. आपल्यासाठी या जागेचा आणखी एक धागा आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारी राहिला, दौलताबादला आला, होन्नावर आणि गोव्यालाही त्याचा मुक्काम झाला. मायदेशी परतल्यावर याच अबू इनानच्या आज्ञेवरून त्याने आपला सगळा प्रवास फेसमध्ये तोंडी सांगितला आणि इब्न जुझय्य या लेखकाने तो १३५५ च्या सुमारास लिहून काढला. आपल्या किनाऱ्याची चौदाव्या शतकातली हकीकत या बोळांच्या शहरात कागदावर उतरली, हे मला त्या चौकात उभे असताना आठवले आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

कारवियिन मशिदीची स्थापना परंपरेनुसार ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने केली. आत आपल्याला जाता येत नाही, पण उघड्या दारातून अंगण दिसते. तिच्या मागेच सफ्फारीन नावाचा तांबटांचा चौक आहे. तिथे सासूबाईंना चहा देऊन बसवा आणि आपण त्यांच्याजवळच बसा. मी पाहिला तो कारागीर साठीच्या पुढचा असावा. लग्नात भात शिजवतात तेवढे मोठे भांडे त्याने दोन्ही पावलांत धरले होते, एका हाताने तो ते बोटबोटभर फिरवत होता आणि दुसऱ्या हाताने ठोके देत होता. शेजारचा तांबट त्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत आपला ठोका बसवत होता. तिथून नदीच्या बाजूला वळले की रंगाऱ्यांची गल्ली लागते. ओल्या सुताच्या लडी दारांवर टांगलेल्या असतात आणि दगडी फरशीवरून लाल, निळे पाणी वाहत असते. शहापूरकर, आपल्या घरी माग होता म्हणून सांगतो, या गल्लीसाठी एक संपूर्ण सकाळ राखून ठेवा.

एक सूचना राहिली. बोळात मागून ‘बालाक, बालाक!’ अशी हाक आली तर आपल्याला कोणी बालक म्हणते आहे, असे समजू नये. ‘सांभाळा, बाजूला व्हा’ असा त्याचा अर्थ असून मागे लादलेले खेचर असते. सासूबाईंना नेहमी भिंतीच्या बाजूने चालवावे.

उत्तर : अथणीचा पायताणवाला

टिळकवाडीकरांनी चामड्याच्या कुंडांविषयी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. आमच्या घरात पायताणे करण्याचे काम आजोबांच्याही आधीपासून चालत आले आहे, आणि फेसला मी गेलो तो मुख्यतः शुआरा ही चामडे कमावण्याची जागा पाहण्यासाठीच.

शुआराला थेट कुंडांत उतरून हिंडत नाहीत. सभोवतालच्या दुकानांच्या गच्चीवरून ती पाहतात. दुकानदार वर नेताना हातात पुदिन्याची डहाळी देतो, ती नाकाशी धरावी लागते. वास उग्र आहे आणि गच्चीवर जायला जिने आहेत, तेव्हा सासूबाईंना नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर नेल्याबद्दल काही खरेदी व्हावी, अशी दुकानदाराची अपेक्षा असते. खरेदी करायची नसेल तर थोडी बक्षिसी देऊन निघावे.

काय पाहायचे, तेही सांगतो, नाहीतर रंगीत खड्डे पाहून माणूस फोटो काढतो आणि परत येतो. पांढरी कुंडे आधी पाहा. त्यांत चुना असतो. चुन्याने केस सुटतात आणि कातडे फुगते. पुढे कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात कातडे तुडवतात. त्यातल्या विकरांमुळे चुन्याने ताठलेले कातडे पुन्हा मऊ पडते. मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून माणूस ते पायांनी तुडवत असतो. हे काम किती कष्टाचे आहे, ते आमच्याकडच्या माणसाला लगेच कळते. त्यानंतर कमावणे आणि रंगाची कुंडे. सगळे रंग वनस्पतींचेच आहेत, असे दुकानदार सांगतात. ते सरसकट खरे धरू नये.

आपल्याकडची रीत वेगळी आहे. आमच्याकडे चुन्यातून काढलेल्या कातड्याची पिशवी शिवून तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. आम्हाला तळासाठी जाड, टणक चामडे हवे असते. फेसच्या कारागिराला बकऱ्याचे मऊ, पातळ चामडे हवे असते, कारण त्याला टाच दुमडून घालायची बाबूश नावाची सपाता करायची असते. मी एका बाबूश शिवणाऱ्यापुढे माझे पायातले पायताण काढून ठेवले. त्याने ते उलटे केले, तळावरून अंगठा फिरवला, खिळा शोधला, तो सापडला नाही तेव्हा वादीची शिवण नखाने उचलून पाहिली आणि मान डोलावली. त्याला अरबी आणि फ्रेंच येत होते, मला मराठी आणि कन्नड. आमचे बोलणे एवढेच झाले. कोल्हापुरी पायताणाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते कर्नाटकातील चार आणि महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत आपला बेळगाव जिल्हाही आहे. फेसला जाणाऱ्याने एक जोड पायात घालून जावे, असे मला मनापासून वाटते. फक्त उताराच्या गुळगुळीत दगडांवर पाय जपून टाकावा.

उत्तर : खानापूरची वाचक

शाकाहाराची काळजी वाटते तेवढी कठीण नाही, पण सावध राहावे लागते. भाज्यांचा कुसकुस, म्हणजे वाफवलेला दाणेदार रवा, हाही पुष्कळदा मांसाच्या रश्श्यावर वाफवलेला असतो आणि हरिरा या डाळीच्या सूपमध्येही मांस असू शकते. ‘ब्ला लहम’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत, आणि रश्श्याबद्दल निराळे विचारावे. निर्धोक पदार्थही आहेत. सकाळी हातगाडीवर किंवा लहान दुकानात बिसारा मिळतो. तो सुक्या बाकल्याच्या डाळीचा असतो, वरून जिरे आणि ऑलिव्हचे तेल घालतात आणि पावाशी खातात. झालूक म्हणजे जवळजवळ आपले वांग्याचे भरीतच, टोमॅटो आणि लसूण घातलेले. म्समन ही पदर सुटलेली चौकोनी पोळी मधाबरोबर देतात. माझ्या आईने ती तीनही दिवस खाल्ली. रियादमध्ये आदल्या रात्री सांगून ठेवले तर स्वयंपाकीण वेगळे भांडे चढवते.

सकाळी आठच्या सुमारास एखाद्या वस्तीतल्या भट्टीपाशी उभे राहावे, ही माझी सूचना. मुले घरून फळीवर कापडाखाली कणकेचे गोळे घेऊन येतात, भट्टीवाला ते लांब फळ्याने आत सरकवतो, आणि इतक्या घरांचे पाव एकत्र भाजूनही कोणाचा कोणता हे त्याला कधी विचारावे लागत नाही.

पैशांबद्दल : दिरहम हे तिथले चलन देशाबाहेर मिळत नाही असेच समजा. युरो किंवा डॉलर न्यावेत आणि तिथे पोहोचल्यावर बदलावेत.

शहापूरकर :

आपणा तिघांचा मी ऋणी आहे. फेस निश्चित केले. आगगाडीने कासाब्लांकाहून चार तास लागतात, असे मुलीने सांगितले. आता एकच शंका उरली : आम्ही गुरुवारी दुपारी पोहोचून रविवारी परतणार आहोत. हे दिवस योग्य आहेत का?

टिळकवाडीचा रहिवासी :

दिवस बदलता आले तर बदलावेत. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर जुन्या बाजारातली बहुतेक दुकाने बंद असतात, तांबटांचा चौकही शांत असतो. बदलणे शक्य नसेल तर शुक्रवारची सकाळ बू इनानियाला द्या, दुपारी सासूबाईंना विश्रांती द्या आणि संध्याकाळी टॅक्सीने उत्तरेच्या टेकडीवरील मरिनी या जुन्या राजघराण्याच्या थडग्यांपाशी जा. तिथून वाडग्यासारखे सगळे शहर एका नजरेत दिसते आणि चढावे लागत नाही. रंगाऱ्यांची गल्ली शनिवारी सकाळी, दहाच्या आत.