मिबी स्कॅन (हृदयाच्या रक्तपुरवठ्याची किरणोत्सारी तपासणी): हृदयाच्या खालच्या भिंतीतला डाग खरा की फसवा?

प्रश्न: टेक्नेशियम-९९एम सेस्टामिबी (टोचायचं किरणोत्सारी द्रव्य), गेटेड स्पेक्ट (ठोक्यांशी जुळवून घेतलेली त्रिमितीय चित्रं), सीटी करेक्शनशिवाय (शरीरात अडलेल्या किरणांची सीटीने भरपाई न करता). पुरुष रुग्ण, पोट मोठं. खालच्या भिंतीत स्ट्रेस (हृदयावर ताण देऊन) आणि रेस्ट (विश्रांतीत) दोन्हींत सारखाच फिका भाग. जुना अटॅक म्हणायचं का?

प्रतिसाद १: घाई नको. गेटेड चित्रात तो भाग आकुंचनाच्या वेळी नीट जाड होतोय का? होत असेल तर बहुधा डायफ्रामने (छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याने) गॅमा किरण अडवलेत. रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा घ्या. डाग भरला तर फसवा. मात्र नुसत्या पालथ्या चित्रावर रिपोर्ट देऊ नका, त्यात पुढच्या भिंतीत खोटा डाग उमटू शकतो.

प्रतिसाद २: त्याआधी कच्चा सिने लूप (प्रक्रिया न केलेली चित्रं सलग फिरवून) बघा! हेच नेमकं राहून जातं. रुग्ण हलला असेल तर डाग कुठेही दिसेल. यकृत-आतड्याची चमक हृदयाला चिकटलेली दिसली तर पाणी पाजा, थोडं थांबून परत घ्या. औषधी स्ट्रेसनंतर (व्यायामाऐवजी औषधाने ताण दिल्यावर) चित्र घेण्याआधी ४५ ते ६० मिनिटं थांबावं लागतंच.

प्रतिसाद ३: पुढे सीटी करेक्शन वापरलंत तर सीटी आणि स्पेक्ट एकमेकांवर बसलेत ना, ते बघा. हृदयाची बाजूची भिंत सीटीतल्या फुफ्फुसावर सरकली की करेक्शन कमी पडतं, आणि नसलेला डाग तयार.

प्रश्नकर्ता: लूप स्वच्छ आहे, जाडीही वाढतेय. पालथं घेतो.