हिमपात, हिमप्रपात आणि बर्फाची लादी

फोंड्याहून

नमस्कार मंडळी. माझा भाचा जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेला होता. तिथून त्याने घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली, 'इथे दोन दिवस हिमप्रपाताची शक्यता आहे म्हणतात.' माझ्या ताईने लगेच खाली लिहिलं, 'अरे वा, भरपूर बर्फ मिळणार. मजा कर!' तिने हिमपात वाचलं. एका 'प्र'चा फरक. पोरगा खालच्या सोप्या उतारावरच होता, काही झालं नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

डोंगरावरून बर्फ सुटून खाली येतो त्याला मी आजवर हिमप्रपात, हिमस्खलन, 'हिमकडा कोसळला' असं तिन्ही वाचलंय. यातलं नेमकं काय वापरावं?

मडगावहून

ताई, हिमप्रपात हा शब्द या अर्थाने सोडूनच द्यावा. एक कारण तुमच्या घरातच घडलं. दुसरं म्हणजे गिर्यारोहकांनी तो आधीच दुसऱ्या कामाला लावलाय. एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबू हिमनदी जिथे तुटत, फुटत खाली उतरते, त्या जागेला ते खुंबू हिमप्रपात म्हणतात. ती जागा झाली, घटना नव्हे. घटनेला हिमस्खलन.

'हिमकडा कोसळला' याने तर दिशाभूलच होते. कडा म्हटला की माणूस मान वर करून बघतो, आणि धोका असतो पायाखाली. बहुतेक जीवघेणी हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे स्कीवाल्याला जो उतार मोहात पाडतो नेमका तोच. वाऱ्याने दाबून बसलेला हिमाचा थर वर, त्याच्याखाली साखरेसारखा सुटा, कमजोर थर. माणसाच्या वजनाने खालचा थर बसतो, भेग सरसर पळत जाते आणि वरचा अख्खा पट्टा निघून येतो. बळी गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्याच वजनाने निघालेला असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्या अफरवट उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात गेले. इंग्रजीत त्या पट्ट्याला स्लॅब म्हणतात, पण आपल्याकडे स्लॅब म्हणजे घराचं छत. शब्द सुचवा.

डिचोलीहून

लादी! माझे वडील मालीमच्या जेटीवर होते. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या यायच्या, ट्रकला फळी तिरकी लावून खाली सोडायच्या. आकड्यातून एखादी निसटली की वरून ओरड यायची, 'लादी सुटली!' आणि खालची माणसं न बघता बाजूला उड्या मारायची. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. एकदा ती माझ्या चपलेला घासून गेली, त्याचा गारवा अजून आठवतो. ती अख्खी येते, एका अंगाने येते आणि वाटेत थांबत नाही. तुम्ही सांगता ते हुबेहूब हेच.

मडगावहून

याहून चांगला शब्द मिळणार नाही. 'हिमाची लादी सुटली.' हिमाची म्हणू या, बर्फाची नको. आपल्या बर्फात जेटीवरचा टणक बर्फही येतो आणि आभाळातून पडणारा भुसभुशीतही, आणि उतारावर या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. काश्मिरीत पडणाऱ्या हिमाला वेगळा शब्द आहे, शीन.

'सुटणे'वरून आणखी एक गोष्ट, ही मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या भाषेत घट्ट म्हणजे सुरक्षित. होडी घट्ट बांध, हात घट्ट धर. त्याच सवयीने आपली मंडळी स्कीच्या भाड्याच्या दुकानात 'भैया, टाइट कर दो' म्हणतात. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीच्या फळीला अडकवणारा खटका. त्याचं निम्मं काम धरण्याचं आहे, निम्मं सोडण्याचं. पडताना बूट सुटला नाही तर दीड-पावणेदोन मीटरची ती फळी पाय पिळवटते, आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो किंवा नडगी मोडते. (योग्य लावलेलं बाइंडिंगही गुडघा दर वेळी वाचवत नाही, नडगीला मात्र मोठा आधार.) बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत एक आकडा दिसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य बघून तो लावायचा असतो. म्हणून 'बांधणी' हा प्रतिशब्द मला पटत नाही, त्यात सुटणं नाहीच. बाइंडिंगच राहू दे.

पेडण्याहून

मग स्नोबोर्डचं, दोन्ही पाय अडकवायच्या त्या एकाच रुंद फळीचं काय? आश्वेला सर्फिंग करणारी आमची पोरं म्हणतात, ती आमचीच बहीण.

मडगावहून

नातं खरंच आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून फळी केली. तिचं नाव स्नर्फर, म्हणजे स्नो अधिक सर्फर. पुढे बरीच वर्षं स्कीवाले बोर्डवाल्यांना उतारावर येऊ देत नव्हते. १९९८ मध्ये नागानोला ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग आलं, आता दोघं दोरवाटेच्या एकाच पाळण्यातून वर जातात. तरी अमेरिकेतल्या आल्टा, डियर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन इथे आजही बोर्डला बंदी आहे. बोर्डाचं बाइंडिंग मात्र पडताना सुटत नाही. दोन्ही पाय अडकलेले, त्यामुळे माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. नवशिक्याने मनगटाचे गार्ड घालावेतच.

वाळपईहून

माझी हरकत स्कीइंगला 'बर्फावरून घसरणे' म्हणण्याला. घसरतो तो माणूस ताबा गेल्यावर. तळीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर आपण घसरतो. स्कीवर तर वेग ताब्यात ठेवणं हा नियमच आहे. मी 'उतरणे' म्हणेन. आणखी एक. चोर्ला घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, तसं उतारावर कोणाला?

मडगावहून

पुढे, खाली असेल त्याला. मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही, म्हणून जबाबदारी वरच्याची. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे १९६७ पासूनचे दहा नियम आहेत, त्यांतला हा तिसरा. 'उतरणे' पटलं.

फोंड्याहून

सर्वांचे आभार. ताईला 'लादी' समजावून सांगितली, तिने ती लगेच भाच्याला पाठवली. आता त्याचाच प्रश्न. तिथल्या शिक्षकाने देवदारांच्या बुंध्याशी जायला सक्त मनाई केली होती. खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती हिम दाबून बसत नाही, पोकळी राहते. त्यात माणूस डोकं खाली होऊन पडला तर एकट्याला निघता येत नाही, श्वास कोंडतो. म्हणून झाडीत दोघांनी एकमेकांच्या नजरेतच राहायचं. या पोकळीला काय म्हणावं? इंग्रजीत विहिरीवरून शब्द आहे, पण विहीर दिसते तरी.

डिचोलीहून

ताई, माडाच्या बुडाशी पाण्यासाठी करतो ते आळं. देवदाराचं आळं.