मदत हवी आहे: क्विंटेनची (वालेनझे, स्वित्झर्लंड) लोकसंख्या नेमकी किती धरायची?

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियासाठी क्विंटेन या तळ्याकाठच्या चिमुकल्या गावावर लेख लिहायला घेतलाय. सांक्ट गालेन कँटनमध्ये, वालेनझे तळ्याच्या उत्तर काठावर आहे. बाकी मजकूर जमला, पण माहितीचौकटीत अडलोय. एका ठिकाणी लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास दिसते, दुसरीकडे जेमतेम चाळीस! टंकनाची चूक म्हणावी तर तीन हजारवाला आकडा बऱ्याच संकेतस्थळांवर आहे.

दुसरी शंका भूगोलाची. नकाशात दक्षिण काठावर झ्युरिक-कूर रेल्वे आणि महामार्ग दोन्ही दिसतात, उत्तर काठावर मात्र क्विंटेनला जाणारा मोटाररस्ताच नाही. आणि तिथे म्हणे अंजीर आणि द्राक्षं होतात. आल्प्समध्ये? की ही पर्यटनवाल्यांची जाहिरातबाजी? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते एकाच जागेचे नाहीत. क्विंटेनला स्वतःची नगरपालिका (गेमाइंडे) नाही, ते क्वार्टेन गेमाइंडेत येतं. मुर्ग, मोल्स, उंटरटेर्झेन, ओबरटेर्झेन हीसुद्धा त्यातच. आपल्याकडच्या ग्रुप ग्रामपंचायतीसारखा प्रकार समजा: पंचायतीचा आकडा वाडीच्या नावावर खपवला की असा घोळ होतो. तीन हजार ते क्वार्टेनचे, चाळीसच्या आसपास ते क्विंटेनचे. स्विस सांख्यिकी कार्यालयाची ३१ डिसेंबरची वार्षिक आकडेवारी गेमाइंडेवार असते, म्हणून संकेतस्थळं तोच आकडा उचलतात. आणि ती कायम रहिवाशांची असते. सुट्टीत घर उघडणारे त्यात धरत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात गावात दिसणारी माणसं आणि कागदावरची माणसं यांचा मेळ लागायचा नाही.

प्रतिसाद २
जाहिरातबाजी नाही हो, अंजीर खरंच होतात. कीवीसुद्धा. क्विंटेनच्या पाठीशी कुरफिर्स्टेनची डोंगररांग आहे, तिचं सर्वोच्च शिखर हिंटररुग २३०६ मीटर. तळ्याची पातळी साधारण ४१९ मीटर. म्हणजे काठापासून थोड्याच अंतरात जवळपास १९०० मीटरची चढण! ही भिंत उत्तरेचा गार वारा अडवते, उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन भरपूर, आणि सुमारे १५० मीटर खोल पाणी उन्हाळ्यातली उष्णता हिवाळ्यात हळूहळू सोडतं. वरून दक्षिणेचा गरम फ्योन वारा. समोरचा काठ उत्तरेकडे तोंड करून, तिथे थंडीत सावलीच जास्त.

रस्ता का नाही, त्याचं उत्तरही याच भिंतीत आहे. पाण्यात उतरलेल्या कड्यांवरून रस्ता नेणार कुठून? मुर्गहून बोट दहा-एक मिनिटांत पोचवते. पायी जायचं तर वालेनश्टाट किंवा वेझेनकडून डोंगरवाट आहे, पण काही तास लागतात. वेझेनच्या बाजूने निघालात तर बेटलिसजवळचे झेरेनबाख धबधबे चुकवू नका.

धागाकर्ता
धन्यवाद, बराच गुंता सुटला. आता क्षेत्रफळाच्या रकान्यात क्वार्टेनचं क्षेत्रफळ देऊ का?

प्रतिसाद १
नको, पुन्हा तोच घोळ. गेमाइंडे तळ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलीय, दक्षिणेकडे वर पार मुर्गच्या डोंगरी तळ्यांपर्यंत. तो रकाना रिकामा ठेवा. लोकसंख्येत 'सुमारे ४०' लिहा, 'प्रशासकीय विभाग' मध्ये क्वार्टेन टाका आणि तीन हजारांचा आकडा क्वार्टेनच्या लेखासाठी राखून ठेवा. तो लेखही अजून कोणी लिहिला नसेल तर तुम्हीच घ्या हातात.