शब्दचर्चा : 'हृदयद्रावक' की 'भरून आलं'?

धागाकर्ती, सातारा

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी एक परदेशी चित्रपट दाखवतो. पंचवीस-तीस माणसं येतात, बहुतेक साठीच्या पुढची. दाराजवळच्या फळ्यावर चित्रपटाची चार ओळींत ओळख लिहायचं काम माझ्याकडे आहे. या वर्षी लॅटिन अमेरिकेतले, कमी पैशांत आणि मोठ्या स्टुडिओंपासून लांब राहून काढलेले चित्रपट घेतलेत.

सुरुवात केली १९९८ च्या 'सेंत्राल दो ब्राझील'ने. दिग्दर्शक वॉल्टर सालेस. रिओच्या रेल्वे स्टेशनात डोरा नावाची निवृत्त शिक्षिका टेबल टाकून बसते आणि लिहिता न येणाऱ्यांची पत्रं पैसे घेऊन लिहून देते. बरीचशी टाकतच नाही, घरी खणात पडून असतात. अशाच एका पत्रवालीला स्टेशनाबाहेर बस उडवते आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा डोराच्या पदरात पडतो. मग दोघं त्याच्या बापाच्या शोधात ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखात निघतात.

फळ्यावर मी लिहिलं, 'हृदयद्रावक चित्रपट'. खेळ संपल्यावर एक आजी चप्पल घालता घालता फळ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "बाई, हा शब्द पुसा. विहिरीत पोरं बुडाली की पेपरात छापतात तो हा. हे तसलं नव्हतं." मी विचारलं, मग कसलं होतं? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "भरून आलं गं."

त्या रात्रीपासून मी अडकले आहे. 'हृदयस्पर्शी' मालिकांच्या जाहिरातींनी पार झिजवलाय. 'भावनिक' म्हटलं की 'भावनिक आवाहन' आठवतं. 'भावुक' हा माणसाचा गुण झाला, चित्रपटाचा नाही. 'भावनाप्रधान' परीक्षेच्या उत्तरासारखा वाटतो. मग फळ्यावर काय लिहू?

प्रतिसाद, नागपूर

ताई, तुमच्या आजींनी उत्तर देऊन टाकलं आहे, आणि ते व्याकरणात आहे. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विशेषण शोधताय. मराठीतली अशी विशेषणं बहुतेक संस्कृतातून घडवलेली: हृदय वितळवणारं, हृदयाला शिवणारं, मर्मावर घाव घालणारं. सगळीकडे चित्रपट काहीतरी करतो आणि आपण ते करून घेतो. आपल्या घरातलं बोलणं तसं नाही. आपण म्हणतो भरून आलं, दाटून आलं, गलबलून आलं, गहिवरून आलं, भडभडून आलं, रडू आलं. सगळीकडे 'येणे'. 'मला रडू आलं' या वाक्यात कर्ता 'रडू' आहे. 'मला' चतुर्थीत बाजूला उभा आहे. पाऊस यावा तसं ते येतं.

'भरून येणे' तर फारच सुंदर आहे. आभाळ भरून येतं. ऊर भरून येतो. आणि जखमही भरून येते. एकच क्रियापद पावसाच्या आधीच्या क्षणाला, रडण्याच्या आधीच्या क्षणाला आणि बरं होण्याला. शेवटी डोरा पहाटे मुलाला झोपेत सोडून बसमध्ये चढते, त्याला पत्र लिहायला घेते आणि छोट्या भिंगाच्या खेळण्यात दोघांचा फोटो बघते. तिकडे तोही जागा होऊन तोच फोटो बघतो. या प्रसंगाला तिन्ही अर्थ लागू पडतात. मला दुसरा शब्द सुचत नाही.

याच्या विरुद्ध टोकाला 'रडवणे'. ते प्रयोजक क्रियापद आहे. 'या सिनेमाने रडवलं' म्हटलं की कुणीतरी मुद्दाम केलं असा वास येतो. ज्याला समीक्षक अतिनाट्य म्हणतात त्याची ओळख माझ्या मते एवढीच: तो रडवतो. चांगल्या चित्रपटात रडू येतं.

प्रतिसाद, मडगाव

डोराच्या त्या शेवटच्या पत्राबद्दल सांगायचं आहे, कारण इथे मराठी उपशीर्षकं करणाऱ्याची खरी परीक्षा आहे. पत्राचं शेवटचं वाक्य असं: 'तेन्यो सौदाद द तुदु'. सौदाद हा शब्द आमच्याकडे पोर्तुगीज शिकलेल्या पिढीला ठाऊक आहे. माझी आजी सौदाद म्हणायची आणि पुढे काही बोलायची नाही.

शब्दशः ते वाक्य 'माझ्यापाशी सगळ्याचं सौदाद आहे' असं. पोर्तुगीजमध्ये सौदाद माणसापाशी असतं. कोंकणीत आम्ही 'उगडास येता' म्हणतो, मराठीत 'आठवण येते'. नागपूरच्या सरांनी सांगितलेला 'येणे' इथेही आहे. पण 'मला सगळ्याची आठवण येते' केलं तर अर्धंच झालं, कारण सौदादमध्ये आठवणीखाली एक कळ असते. 'हुरहूर' जवळ जातो, पण हुरहूर पुढच्या गोष्टीचीही लागते, परीक्षेचीसुद्धा. 'ओढ' म्हणावं तर त्यात परत भेटण्याची आशा असते. डोराला ती फारशी नाही.

माझा कौल: 'मला सगळ्याची फार आठवण येते.' तो 'फार' तोंडातल्या तोंडात म्हटल्यासारखा यायला हवा. चावी, पाव, पगार हे पोर्तुगीज शब्द मराठीत सहज रुळले. सौदाद रुळला नाही. तो दुकानात किंवा कचेरीत लागणारा शब्द नव्हता.

प्रतिसाद, पुणे

सर, 'रडवणे'बद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला सालेस यांचाच २०२४ चा चित्रपट आठवला, 'आइंदा इश्तो अकी'. २०२५ मध्ये ब्राझीलला सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर मिळालं ते यालाच. (हे 'आइंदा' आपल्या कानाला 'यापुढे' वाटतं. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ 'अजून'.) जानेवारी १९७१ मध्ये लष्करी राजवटीची माणसं माजी खासदार रुबेन्स पायवा यांना रिओतल्या घरातून घेऊन जातात. ते परत येत नाहीत. मागे त्यांची बायको युनिस आणि पाच मुलं.

एका मासिकाचा छायाचित्रकार घरी येतो. कुटुंबाने जरा गंभीर दिसावं असं त्याला हवं असतं. युनिस मुलांना हसायला सांगते, आणि सगळे हसतात. तो छायाचित्रकार 'रडवणारा' आहे आणि युनिस त्याला ते करू देत नाही. बघणाऱ्याला मात्र तिथेच भरून येतं. युनिसचं काम फर्नांडा तोरेस हिचं आहे. म्हातारपणची युनिस म्हणून शेवटी थोडा वेळ दिसते ती तिची खरी आई, फर्नांडा माँतेनेग्रो, म्हणजे ताईंच्या चित्रपटातली डोरा.

शीर्षक मराठीत करताना 'मी अजून इथे आहे' असं करू नका. 'मी अजून इथेच आहे' करा. तो 'च' हवाच. पायवांच्या मृत्यूचा दाखला कुटुंबाला १९९६ मध्ये मिळाला. पंचवीस वर्षं हलायचं नाही असं ठरवलेल्या बाईचा तो 'च' आहे.

आणि एक शब्द. अशा माणसांना वर्तमानपत्रं 'बेपत्ता' म्हणतात. तो चुकीचा आहे असं मला ठामपणे वाटतं. घरातून रागावून गेलेला मुलगा बेपत्ता असतो. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या राजवटीत हजारो माणसांना उचललं गेलं, तेव्हा तिथल्या स्पॅनिशमध्ये 'नाहीसं होणे' या अकर्मक क्रियापदाला लोक कर्म जोडू लागले: 'त्याला त्यांनी नाहीसं केलं.' स्पॅनिशला त्यासाठी व्याकरण वाकवावं लागलं. मराठीत 'नाहीसा होणे' आणि 'नाहीसा करणे' अशी जोडी आयती आहे. मग आपण 'बेपत्ता' का लिहावं? 'नाहीशी केलेली माणसं' लिहावं. १९८५ चा 'ला इस्तोरिया ओफिसियाल' याच काळावरचा. त्यातली नायिका इतिहास शिकवते आणि आपण दत्तक घेतलेली मुलगी कुणाची असावी हा प्रश्न तिला हळूहळू गाठतो. ताई, तो यादीत घ्याच.

धागाकर्ती, सातारा

तिघांचे आभार. 'नाहीशी केलेली' वहीत लिहून घेतलं.

आता यापेक्षा अवघड गोष्ट. पुढच्या महिन्याचा चित्रपट पेरूचा आहे, क्लाउदिया योसा यांचा 'ला तेता आसुस्तादा', २००९. बर्लिन चित्रपट महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळालं त्याला, 'सेंत्राल दो ब्राझील'लाही मिळालं होतं. पेरूत १९८० ते २००० मध्ये जो हिंसाचार झाला त्यात सुमारे एकोणसत्तर हजार माणसं मेली किंवा नाहीशी केली गेली, असा अंदाज तिथल्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये दिला. चारातली तिघं केचुआ किंवा दुसरी मूळची भाषा बोलणारी. त्या काळात अत्याचार सोसलेल्या बायकांच्या दुधातून भीती बाळात उतरते, असं डोंगरातली माणसं मानत. फाउस्ता ही असं दूध प्यालेली मुलगी. ती भिंतीला धरून चालते, भ्यायली की केचुआत गाणं रचून पुटपुटते. आईवर झालं ते आपल्यावर होऊ नये म्हणून तिने शरीरात बटाटा ठेवलेला आहे. त्याला कोंब फुटतात.

शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'भ्यालेला स्तन'. इंग्रजीत त्याचं 'दुःखाचं दूध' केलंय, त्यात भीती उरलीच नाही. माझ्या मनात 'आटलेला पान्हा' आहे. चालेल?

प्रतिसाद, गडहिंग्लज

ताई, नाही चालणार. मी बाळंतिणींमध्ये काम करते, म्हणून सांगते. पान्हा आटला म्हणजे दूध गेलं. इथं तर दूध आलंय, लेकराच्या पोटात गेलंय, आणि त्याच्यासंगं भीती गेलीय. आटला असता तर पोरगी सुटली असती.

'पान्हा' हा शब्द मात्र ठेवा. नुसतं 'दूध' पिशवीतलंही असतं. पान्हा आईला फुटतो, लेकराच्या आवाजानं फुटतो. गाय भ्याली तर पान्हा चोरते असं आमच्या गोठ्यात म्हणतात. माझ्या सासूबाई बाळंतिणीला भांडण ऐकू देत नसत. रागात असताना पाजू नको, आधी घोटभर पाणी पी, असं सांगत. पेरूतल्या त्या बायका काय म्हणतात ते त्यांना लगेच कळलं असतं.

आणि 'भ्यालेला' थोडा हलका पडतो. कुत्रं भुंकलं तरी माणूस भितं. आमच्याकडे पोरगं दचकून तापलं, खाईना, झोपेना, तर म्हणतात पोरानं धसका घेतला. भीती गेली तरी धसका राहतो.

प्रतिसाद, नागपूर

ताई, गडहिंग्लजच्या ताईंचं ऐका. मी शीर्षकातला 'आसुस्तादा' तपासला. त्याच्या मुळाशी 'सुस्तो' आहे, आणि लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात 'सुस्तो' हे आजाराचं नाव आहे: दचकल्यावर माणसाचा जीव जागेवरून हलतो, मग अन्न जात नाही, झोप लागत नाही, आणि जाणत्या माणसाकडून तो उतरवून घ्यावा लागतो. म्हणजे धसकाच. मी शब्दकोशातून 'भयग्रस्त', 'भयभीत', 'संत्रस्त' काढून बसलो होतो. ते सगळे बाजूला ठेवले.

'धसक्याचा पान्हा' करा. किंवा 'धसकलेला पान्हा'. मला पहिला जास्त खरा वाटतो, कारण त्यात धसका वारशासारखा पुढे जातो.

बटाट्याचंही सांगून टाकतो. बटाटा अँडीज पर्वतातला, केचुआत त्याचं नाव 'पापा'. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, पण मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा आणि अर्थ रताळं. फाउस्ताच्या भाषेतलं नाव आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

प्रतिसाद, मडगाव

यावरून 'लॅटिन चित्रपट' या शब्दाबद्दल बोलायला हवं. आमच्याकडे लॅटिन म्हटलं की चर्चमधल्या जुन्या मिसेची, म्हणजे प्रार्थनाविधीची, भाषा आठवते. त्या प्रदेशाला लॅटिन म्हणतात ते स्पॅनिश आणि पोर्तुगीज लॅटिनच्या लेकी म्हणून. पण केचुआ लॅटिनची कुणीच लागत नाही. ग्वाटेमालाचा २०१५ चा 'इश्कानुल' बघा, दिग्दर्शक हायरो बुस्तामान्ते. जवळजवळ सगळा काक्चिकेल या माया भाषेत आहे, आणि शीर्षकाचा अर्थ ज्वालामुखी. कॉफीच्या मळ्यातली मारिया गरोदर असताना तिला साप चावतो. तिला शहरातल्या इस्पितळात नेतात. तिथले लोक स्पॅनिश बोलतात, आई-बापाला ते येत नाही. मधला माणूस सोयीचं तेवढंच सांगतो, आणि कागदावर अंगठा घेतला जातो. कसला कागद, ते चित्रपटातच बघा.

या चित्रपटाला 'लॅटिन' म्हणणं मला त्या मधल्या माणसासारखं वाटतं. 'ग्वाटेमालाचा, काक्चिकेल भाषेतला' एवढं लिहायला फळ्यावर जागा नक्की असेल.

धागाकर्ती, सातारा

आज सकाळी फळा पुसला आणि लिहिला:

'धसक्याचा पान्हा. पेरू, २००९. भाषा स्पॅनिश आणि केचुआ. आईच्या दुधातून धसका घेतलेल्या मुलीची गोष्ट. शनिवारी सहा वाजता.'

विशेषण एकही नाही. दुपारी त्याच आजी पुस्तक बदलायला आल्या होत्या. फळ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग आत येऊन मला म्हणाल्या, "माझ्या थोरल्या जावेनं घेतला होता धसका, पुराच्या साली." खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. पुस्तक बदलायचं राहूनच गेलं.