तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही

कुणीतरी लिहिलंय की पावसाळ्यात विहिरीत तुरटी फिरवली की काम झालं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. शिवाय तो गाळ विहिरीतच राहतो. तुरटी घरातल्या पिंपात फिरवा, विहिरीला टीसीएल पावडर (क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर).

आधी पाणी मोजा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × 785 = लिटर (मापं मीटरमध्ये). 2 मीटर व्यास, 4 मीटर पाणी म्हणजे साधारण 12,500 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 31 ग्रॅम पावडर. प्लास्टिकच्या बादलीत आधी पातळ पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घ्या. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. तासभर उपसा बंद.

नंतर क्लोरीन तपासा, लिटरला 0.5 मिलिग्रॅम उरायला हवा. काहीच उरला नाही तर पावडर दमट होऊन मेलेली असते (उघड्या पोत्यातली हमखास), नाहीतर पाणी फार गढूळ असतं. आणि कठड्याबाहेरचं सांडपाणी भेगांतून आत झिरपत असेल तर आधी गिलावा करा.