अनुभव धागा: घर, गाव, खोली आणि पोराचा निकाल

रंकाळाकाठ
काल कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या एका बोर्डिंगच्या दारात ट्रंक, वळकटी आणि चटणीचा डबा घेऊन उभं राहिलेलं पोरगं दिसलं. शेजारी टोपी काढून उभे असलेले वडील. आणि जुनं सगळं आठवलं. राजाराम कॉलेज १८८० पासून होतंच. तरी शाहू महाराजांना १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढावं लागलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कॉलेज उभं होतं, पण खेड्यातल्या पोराला निजायला जागा, दोन वेळचं जेवण आणि वाचायला दिवा नव्हता. महाराजांनी नेमकं तेच दिलं. आज कॉलेजं मुबलक आहेत, तरी पहिल्या सेमिस्टरला पोरं अडतात ती अंतर, खोली, भाषा आणि कागद यांच्यापायीच. तुम्हाला पक्कं ठाऊक असलेलं लिहा. आपली कहाणी राहू दे, यंदा आलेल्या पोराच्या कामाला येईल ते सांगा.

घाटाखालचा
एसटीच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत. म्हणजे दहा दिवसांचं भाडं भरायचं आणि महिनाभर जायचं-यायचं. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट, पुढं पैसे. पण पैशापेक्षा वेळ जास्त जातोय. गगनबावडा ते कोल्हापूर ५५ किलोमीटर, जाऊन-येऊन चार तास धरा. पहिल्या तासाला प्रॅक्टिकल असलं आणि गाडी चुकली की जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, अपुरं, मग सही नाही, मग सबमिशन अडतंय. बॅच ठरताना पहिल्याच आठवड्यात सरांना सांगून दुपारची मागून घ्या. नंतर कोण बदलून देत नाही.

चिकूची आई
डब्यात कसली चटणी होती? शेंगदाण्याची असेल तर लसूण तेलावर परतून घालायला सांगा. कच्च्या लसणाची या पावसात लवकर खराब होते.

प्रा. काकू
दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांचं गणित कच्चं असतं हा गैरसमज आहे. ती अडतात इंग्रजी प्रश्नाच्या क्रियापदावर. 'स्टेट' म्हटलं की दोन ओळी पुरतात, तिथे पान भरतात. 'जस्टिफाय' म्हटलं की कारण द्यायचं, तिथे व्याख्या लिहून येतात. अकरावी-बारावी क्लासच्या नोट्सवर निभावते, म्हणून हे पदवीच्या पहिल्या वर्षी उघडं पडतं.
उपाय सोपा आहे. वहीचे दोन रकाने करा. डावीकडे इनर्शिया, मोमेंटम, ॲक्सलरेशन; उजवीकडे जडत्व, संवेग, त्वरण. रोज दहा शब्द, सहा आठवड्यांत चारशेच्या वर होतात. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतली क्रियापदं वेगळी काढा, ती वीस-पंचवीसच निघतात. आणि वर्गात इंग्रजीत विचारता येत नसेल तर मराठीत विचारा. न विचारता गेलेला आठवडा पुढे भरून निघत नाही.

रंकाळाकाठ
काकू, हे छापून प्रत्येक हॉस्टेलच्या भिंतीवर लावायला पाहिजे.

सेतूवाला
कागदांचं ऐका. शिष्यवृत्ती बहुतेक वेळा अपात्र म्हणून जात नाही, नाव जुळत नाही म्हणून अडकते. आधार, दहावीचं मार्कलिस्ट आणि बँक पासबुक, तिन्हीकडं नाव अक्षरशः एक पाहिजे. दुसरं, महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या साइटवरून येणारे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. पुष्कळांचं आधार शाळेत काढलेल्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं असतं. फॉर्म भरण्याआधी आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा.
आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती आहे. हॉस्टेलला राहणाऱ्या शेतकरी-मजुरांच्या पोरांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता वेगळा. मुलींना जुलै २०२४ च्या निर्णयानं व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, त्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुली येतात. फॉर्म भरून थांबू नका, कॉलेजच्या क्लार्कनं तो पुढं पाठवला का ते दर आठवड्याला बघा.

घाटाखालचा
जात पडताळणीचं पण सांगा की ओ.

सेतूवाला
सायन्सवाल्यांनी अकरावीतच टाकायची. बारावीच्या निकालानंतर टाकली तर सगळा जिल्हा एकदम रांगेत असतो. वडिलांच्या, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी गावच्या शाळेत आधी जाऊन या, जुनी रजिस्टरं शोधायलाच वेळ लागतो.

धारवाला
पहाटे चारला धार काढून डेअरीला दूध घालून येणारं पोरगं दुपारच्या लेक्चरला पेंगतंय, त्याला आळशी म्हणू नका. घरच्यांनी एवढं करा, परीक्षेच्या पंधरा दिवसांत सकाळची धार दुसऱ्याकडं द्या. इचलकरंजीत मागावर बारा तासांची रात्रपाळी करणाऱ्यांची गत ह्याहून वाईट. झोप मोडली की वाचलेलं डोक्यात राहत नाही. काम करायचंच असलं तर कॉलेजातली 'कमवा आणि शिका' योजना बघा, तास ठरलेले असतात आणि काम आवारातच मिळतंय.

चिकूची आई
लेकरांच्या जिवाला केवढी ओढाताण 😔

अभ्यासिका क्र. २
खोली बघायला दुपारी जाऊ नका. रात्री नऊनंतर जा, तेव्हा गोंगाट, पाणी आणि दिवा खरे कळतात. चौघांत एक टेबल असेल तर भाडं कमी असून उपयोग नाही. घरी जागा नसलेल्यांना करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. विद्यापीठात बॅ. खर्डेकर ग्रंथालय. वाचताना वही मिटून आठवेल ते लिहायचं, मग उघडून तपासायचं. नुसत्या रेघोट्या मारून आल्यासारखं वाटतं, पेपरात येत नाही.

प्रा. काकू
अमेरिकेतल्या १९६६ च्या कोलमन अहवालात निघालं होतं की शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलांच्या गुणांशी जास्त संबंध दिसतो. ते वाचून लोक हात टेकतात. पण त्याच अहवालात सोबत शिकणाऱ्या मुलांचा परिणामही दिसला होता. बोर्डिंगमध्ये तीच सोबत मिळते. म्हणून रूम पार्टनर निवडताना भाड्याइतकाच विचार करा.

घाटाखालचा
पुराचं राहिलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पण गावाकडचे छोटे बंधारे त्याच्या आधीच पाण्याखाली जातात. जुलै-ऑगस्टात ३५ च्या पुढं गेलं की जर्नल, चार्जर आणि चार दिवसांचे कपडे घेऊन शहरातल्या मित्राकडं मुक्काम टाका.

चिकूची आई
आणि चटणी काचेच्या बरणीत न्या, प्लास्टिकच्या डब्यात ओल धरते.