मदत हवी आहे: स्टेरॉईडच्या पंपानं श्वासनळीचा स्नायू जाड व्हायचा थांबतो का?
मंडळी, आईला जुना दमा हाय, इकडं गुऱ्हाळं पेटली की धूर लागतो आणि रात्रभर उशीला टेकून बसायची पाळी. ब्युडेसोनाईडचा (हे स्टेरॉईडच) पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून रोज दोनदा घेते, नंतर चूळ भरते, सूज उतरून आता लई फरक हाय. पण वाचलं की दम्यात श्वासनळीभोवतीच्या स्नायूपेशी वाढून थर जाड होतो, आणि २००४ च्या एका संशोधनात प्रयोगशाळेत स्टेरॉईडनं दमा नसलेल्यांच्या पेशींची वाढ रोखली पण दमेकऱ्यांच्या पेशींची नाही, कारण वाढ रोखायला स्टेरॉईडला ज्याची साथ लागते ते सी/ईबीपी अल्फा नावाचं प्रथिनच त्यांच्यात सापडलं नाही. मग हा जाडपणा थांबतो कशानं? (पंप बंद करणार नाही, ओरडू नका.) कुणी छातीचे डॉक्टर असाल तर सोप्या भाषेत सांगा की राव.